नारे, कंसात

"शब्द दाखवा म्हणते तो मले! शब्द!"

अनुश्रीने पर्स ओट्यावर आपटली, थेट पुरणाच्या पातेल्याशेजारी. अंगावर काळा कोट तसाच होता. समता कॉलोनीतल्या आपल्या घरून निघून ती आधी बीरगावच्या ठाण्यात गेली होती. आज कोर्टाला सुट्टी होती, पण ठाण्यात कोट घालून गेलं की बसायला खुर्ची मिळते, हे ती बावीस वर्षांच्या वकिलीत शिकली होती.

"पर्स उचला आधी," क्षमा म्हणाली. "नैवेद्याचं आहे."

"उचलते. ऐक ना वहिनी. मी ठाणेदाराले म्हटलं, नऊ दिवस झाले. तलावापलीकडच्या पाऱ्यात, त्या बाहेरच्या मजुरांच्या वस्तीत, सहा खोल्या जळल्या. एक माणूस दोन्ही हात जाळून दवाखान्यात पडला आहे. ज्या भाषणानंतर हे झालं, त्या भाषणाचा गुन्हा तुम्ही काहून नाही दाखल करून राहिले? तर तो हसला. म्हणे, मैडम, भाषण मैंने दस बार सुना है. उन्होंने सिर्फ सवाल पूछे हैं. सवाल पूछना किस धारा में आता है, आप ही बता दो."

"मग?"

"मग काय! खरं आहे ना ते. अकरा मिनिटं बोलला तो माणूस. एक शिवी नाही, एका धर्माचं नाव नाही. नुसते सवाल. जवाब लोकांनी दिले. आणि लोक किती, दोन हजार. त्यांच्या मंचाच्या व्हिडिओत फक्त माइकचा आवाज आहे. गर्दीतल्या मोबाइलमध्ये फक्त गोंगाट. कोण आधी ओरडलं ते कोणालेच सांगता येत नाही."

क्षमाचे हात पोळीवर चालूच होते. नऊ दिवस तिने हातांना थांबू दिलं नव्हतं. शाळेत चौथीच्या हजेरीपटावर रोशनआरा या नावापुढे रोज गैरहजेरीची खूण करायची, घरी येऊन कणीक मळायची, भांडी पुन्हा घासायची. आज महालक्ष्म्या जेवणार होत्या. सोळा भाज्या, कढी, आंबील. हातांना भरपूर काम होतं.

"पण बाबांनी लिहून घेतलं आहे," अनुश्री म्हणाली. "काल फोनवर बोलून गेले. सगळं, पहिल्या शब्दापासून."

लाटणं थांबलं.

•

वही साधी, दोनशे पानी, शाळेच्या पोरांची असते तशी.

अनुश्रीचे बाबा यशवंतराव चौतीस वर्षं पोलिसांच्या विशेष शाखेत शीघ्रलेखक होते. सभा कोणाचीही असो, मंचाखाली डाव्या कोपऱ्यात खुर्ची टाकून बसायचं आणि माइकमधून येईल तो शब्द रेघांमध्ये उतरवायचा. गर्दी ओरडली की कंस करायचा, कंसात 'नारे' लिहायचं, पुढे जायचं. गर्दीला नाव नसतं, म्हणून गर्दीचे शब्द लिहायचे नाहीत. नियम होता.

काचबिंदूने दोन्ही डोळे गेले त्याला सहा वर्षं झाली होती. हात मात्र शाबूत होता. घराखालच्या रस्त्यावर माइक लागला की ते सज्ज्यात खुर्ची मागत, डावा अंगठा ओळीवर ठेवत आणि लिहीत. नऊ दिवसांपूर्वीच्या त्या भाषणाचा माइकही याच रस्त्यावर होता. लिहिलेलं त्यांना वाचता येत नसे. त्यांच्या रेघा त्यांच्याच होत्या. पुस्तकातली लिपी शिकलेल्यालाही त्या उलगडल्या नसत्या. त्या वाचू शकणारं एकच माणूस होतं. त्यांची बायको, प्रेमला. सत्तावीस वर्षं साहेबांना हव्या असलेल्या प्रती तिनेच घरी टाइप केल्या होत्या.

•

"फाडा ती वही."

क्षमाचा नवरा निरंजन स्टुलावर उभा राहून महालक्ष्म्यांच्या डोक्यावर फुलोरा बांधत होता. तिथूनच बोलला.

"भैया, तू आधी खाली उतर."

"उतरतो. पण फाडा." तो उतरला. "तुले हे कलम पुस्तकातून माहीत आहे, अनुश्री. मी त्यात चार वर्षं राहून राहिलो. उरल्याच्या कारखान्याच्या गेटवर आम्ही काय म्हटलं होतं? 'साहब, बाहर आओ.' तीन शब्द. त्यावर दंगा लागला, धमकी लागली. एकतीस तारखा झाल्या. तेव्हा बरे सापडले शब्द! तेव्हा नाही म्हटलं कोणी की शब्द दाखवा."

"म्हणूनच म्हणते ना मी, की—"

"तू कायदा कडक मागून राहिली. मंचावरून विष ओकलं की आत टाका. चांगलं आहे. मग पहिला आत कोण जाईल? तो? त्याच्यामागं चाळीस मोटारसायकली असतात. पहिला मी जाईन. परवानगीच्या अर्जावर सही माझी. धरणं माझं. माइक त्याच्या हातात दिला तो मी."

"काहून दिला?"

हे क्षमाने विचारलं. पिठाचे हात तसेच घेऊन ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. नऊ दिवसांत तिने हा प्रश्न विचारला नव्हता.

निरंजनला वाटलं, सांगावं. सांगता येण्यासारखं होतं ते. कारखान्यात भट्टी फुटली, दोन माणसं गेली, त्यातलं एक बीरगावचं आणि एक दूर मालद्याहून कामाला आलेलं. मागण्या चार होत्या. जळणार नाही असं जॅकेट, बूट, नुकसानभरपाई, ठेक्याच्या मजुराला हजेरी कार्ड. मालद्याच्या माणसाचंही नाव फलकावर होतं, त्याने स्वतः लिहिलं होतं. संध्याकाळी पाचपर्यंतची परवानगी. दुपारी तीनला दोनशे माणूस. मग मोटारसायकली. मग हार. मंचावर चढलेल्या माणसाला 'दोन शब्द बोला' म्हणायचं, ही वीस वर्षांची सवय होती. ज्याला त्याला म्हटलं होतं, नगरसेवकाला, हार्मोनियम वाजवणाऱ्यालाही. माइक पुढे करताना तो हसलासुद्धा होता.

"पाहुणा होता," तो म्हणाला.

"पाहुणा!"

"रीत आहे ती."

"तुम्हाले माहीत होतं तो काय बोलते ते."

"तुले काय वाटते, जॅकेट-बुटासाठी लोक येतात?" त्याचा आवाज चढला. "दोनशे होते, दोनशे! चार-चार दिवस घरोघरी फिरून दोनशे. तो येणार हे कळलं आणि दोन हजार झाले. कलेक्टरच्या ऑफिसातून पहिल्यांदा फोन आला मले. पहिल्यांदा! हो, माहीत होतं. बस?"

•

बैठकीत महालक्ष्म्या बसलेल्या. समोर रांगोळी, पानं अजून मांडायची होती. यशवंतराव दिवाणावर. प्रेमला त्यांच्या पायाशी पाटावर, वाती वळत.

"आई, वाच ना."

"नैवेद्य झाल्यावर."

"आत्ता. उद्या सकाळी अर्ज द्यायचा आहे मले. पाहुण्याचा सवाल आणि त्याच्या मागचा जवाब, ओळीनं दाखवता आला तर काही होऊ शकते."

"तुले समजत नाही का, घरात देव बसले आहे?"

"वाच," यशवंतराव म्हणाले.

प्रेमलाने त्यांच्याकडे पाहिलं. ते बघत नव्हते, त्यांना बघता येत नव्हतं, तरी तिने पुष्कळ वेळ पाहिलं. मग उठून दिवाणाच्या गादीखालून वही काढली. म्हणजे ती कुठे आहे हे तिला माहीत होतं. म्हणजे तिने वाचली होती. अनुश्रीच्या हे लक्षात आलं.

अनिमेष केळीची पानं घेऊन जिना चढून आला तो तेव्हाच. निरंजन आणि क्षमाचा मुलगा, तेवीस वर्षांचा, डिप्लोमा झालेला, दोन वर्षं उरल्यातल्या प्रत्येक गेटवर कागद देऊन आलेला. "क्या चल रहा है?" त्याने विचारलं. घरात त्याच्याशी सगळे मराठीत बोलत आणि तो सगळ्यांना हिंदीत उत्तर देई.

"बस," प्रेमला म्हणाली. तिने वाचायला घेतलं. आवाज चढत नव्हता, उतरत नव्हता. टाइप करताना ती पुटपुटायची तसाच.

*पान एक. तीन चाळीस.*

*निरंजन : अब हमारे बीच जो पधारे हैं, दो शब्द कहेंगे. (टाळ्या.)*

*पाहुणा : मैं भाषण देने नहीं आया. पूछने आया हूं. भट्टी पर पहले कौन था?*

*(नारे.)*

*पाहुणा : और अब कौन है?*

*(नारे.)*

*पाहुणा : मैं नाम नहीं लेता. मुझे कानून का डर है, भाई. (हशा.) बुलाया किसने इनको?*

*(नारे.)*

दोन सवाल आणखी. दोन कंस आणखी.

*पाहुणा : घर में कचरा जमा हो जाए, तो हम लोग क्या करते हैं?*

*(नारे.)*

*पाहुणा : देखिए, मैंने कुछ नहीं कहा. आपने कहा. और ये कचरा पड़ा कहां है?*

*(नारे.)*

*पाहुणा : आप लोग समझदार हैं. नमस्कार. (तीन एक्कावन्न.)*

"झालं," प्रेमला म्हणाली आणि वही मिटली.

"यात काही नाही," निरंजन म्हणाला. त्याच्या आवाजात सुटका होती. "सवालच आहेत. ठाणेदार बरोबर बोलला."

"प्रेमला," यशवंतराव म्हणाले. "तू कंस वाचून राहिली."

"हो."

"मी कंस लिहिले नव्हते."

प्रेमलाचा हात मिटलेल्या वहीवर गेला.

"सात जागा आहेत," ते म्हणाले. "चौतीस वर्षांत मी वहीत गर्दीचा एक शब्द लिहिला नाही. त्या दिवशी सात लिहिले. काहून, तर सातही वेळा सज्ज्याखालून आधी एक आवाज यायचा. एकच. दोन हजार लोक त्याच्या मागून. तो आवाज कोणाचा ते मी लिहिलं आहे. वाच."

"आजोबा," अनिमेष म्हणाला.

"वाच, प्रेमला."

तिने वही उघडली नाही. पाठ होतं तिला.

"कोण आहे भट्टीवर? नातू : बांग्लादेशी. कचऱ्याचं काय करतो? नातू : जलाते हैं. कुठं पडला आहे? नातू : तालाब पार, तालाब पार." ती थांबली. "नातू लिहिलं आहे. नाव नाही लिहिलं यांनी. नातू."

•

अनिमेषला पहिली गोष्ट दिसली ती अशी : बाबा पांढरे पडले, आत्याचं तोंड उघडं राहिलं, आणि आई चकित झाली नाही.

केळीची पानं अजून हातात होती.

"मैंने आग नहीं लगाई," तो म्हणाला.

कोणी विचारलंच नव्हतं.

"मैंने नहीं लगाई! मैं गली के अंदर भी नहीं गया. सब बोल रहे थे, मैं भी बोला. दो हजार लोग बोले! दो साल से मैं हर गेट पर खड़ा हूं और वो लोग आधे पैसे में… बाबा, आप खुद बोलते थे, ठेकेदार इनको लाता है!"

"ठेकेदाराबद्दल बोलत होतो मी! ठेकेदाराबद्दल!" निरंजन ओरडला.

"तो माइक उसको क्यों दिया?"

निरंजनने हात उचलला आणि तसाच ठेवला. मग जाऊन सज्ज्याचं दार धाडकन लावलं. रस्त्यावरच्या ट्रकांचा आवाज बंद झाला आणि खोलीतली माणसं अचानक फार जवळ आली.

•

अनुश्रीचं डोकं चालू होतं. तिला ते बंद करता येत नव्हतं, आणि त्याचा तिला राग येत होता.

सात सवाल, सात जवाब, एकच आवाज. ठरवून केलेलं. कोर्टात उभं करता येईल असं पहिलं काही तरी तिच्या हातात आलं होतं, आणि ते कोणाच्या गळ्यात पडतं? पाहुण्याने विचारलं, ओरडला अनिमेष. पाऱ्याचं नाव कोणी घेतलं? अनिमेषने. उद्या ही वही दिली तर परवा पोलीस या जिन्यावर, आणि पाहुणा दुसऱ्या कुठल्या चौकात हार घालून.

तिने त्या पाहुण्याला आजच पाहिलं होतं. ती ठाण्यातून निघताना तो आत येत होता. त्याला बघून ठाणेदार उठून उभा राहिला होता.

आणि मग तिला सुचलं. सुचलं तेव्हा स्वतःचीच भीती वाटली, तरी ती बोलली.

"आई. ही वही तुझ्याशिवाय कोणाले वाचता येत नाही."

"नाही."

"बाबांनाही नाही."

"नाही."

"मग नातू कोणी पाहिला?" ती हळू बोलत होती. "जवाब आहेत ना वहीत? आहेत. फक्त ते कोणाच्या तोंडी आहेत ते तू सांगशील. 'कचरा हम जलाते हैं, तालाब पार पड़ा है.' एका दमात. सवालही त्याचा, जवाबही त्याचा. तू तसं टाइप करून दे. खाली बाबांची सही."

निरंजन वळला. "म्हणजे अनिमेषचं नाव—"

"कुठंच नाही. आणि ठाणेदाराले शब्द पाहिजे ना, शब्द? घे म्हणावं शब्द!"

"व्हिडिओ?"

"मंचाचा व्हिडिओ कापलेला आहे हे मी सिद्ध करीन. तीन जागी उडी आहे त्यात. कापलं त्यांनी, मग काय कापलं हे आपण सांगू."

निरंजन बहिणीच्या शेजारी येऊन बसला. पाच मिनिटांपूर्वी वही फाडायला निघालेला माणूस. "हे बरोबर आहे," तो म्हणाला. "शेवटी बोलला तोच ना. पोट्ट्याच्या तोंडून बोलला, एवढंच."

"आत्या सही बोल रही है," अनिमेष घाईघाईने म्हणाला.

अनुश्रीला त्याच्याकडे पाहवलं नाही. "बाबा?" तिने विचारलं.

यशवंतरावांची बोटं गुडघ्यावर हलत होती, लिहीत असल्यासारखी.

"प्रेमला जे वाचेल," ते म्हणाले, "त्याच्याखाली मी सही करीन."

•

प्रेमला हसली.

सासूला क्षमाने एकोणतीस वर्षांत असं हसताना पाहिलं नव्हतं.

"वा," प्रेमला म्हणाली. "वा, वा. तेव्हाही असंच म्हटलं होतं तुम्ही. फक्त तेव्हा साहेब होता. साहेब म्हणेल त्याच्याखाली सही. आज मी. तुमची सही काही बदलली नाही."

"आई, कधीचं काय—"

"तू बोलू नको, अनुश्री. तू वकील आहे, पण टाइपरायटरवर मी बसत होती." तिने वाती बाजूला सारल्या. "नरहरचं भाषण. कागदाच्या मिलचं गेट. निरंजन, तू कॉलेजात होता तेव्हा. तुले फक्त एवढं माहीत आहे की नरहर अकरा महिने जेलात होता. काहून होता ते माहीत आहे?"

निरंजनला माहीत नव्हतं. नरहर या कामगार पुढाऱ्याच्या सुटकेच्या मिरवणुकीत तो पहिल्यांदा झेंडा घेऊन चालला होता. त्याचं सगळं आयुष्य त्या दिवशी सुरू झालं, असं तो भाषणांत सांगत असे.

"नरहर म्हणाला, मिल किसकी? गर्दीतून कोणी तरी ओरडलं, फूंक दो. यांनी कंस केला. नारे. बरोबर केलं. मग साहेब म्हणाला, यशवंतराव, कंस काढा. एवढंच. नवीन शब्द नाही टाकला, खोटा शब्द नाही टाकला. कंस काढून ऐकलेलं तिथं ठेवलं फक्त. फूंक दो नरहरच्या तोंडी गेलं. आणि ते टाइप कोणी केलं? मी केलं! अनुश्री शेजारी बसून शाळेचा अभ्यास करून राहिली होती."

यशवंतरावांची बोटं थांबली.

"त्याची बायको शेवंता आपल्या पायरीवर येऊन बसली. तिले कोणी तरी सांगितलं होतं, टाइप बाई करते. मले विचारलं तिनं, बाई, ते म्हटलं होतं का माझ्या माणसानं? मी काय म्हटलं माहीत आहे? कागदावर तसं आहे. एवढं बोलून मी दार लावलं. कागदावर तसं आहे!"

"ते निरपराध होते, आई," अनुश्री म्हणाली. "हा नाही. नरहर आणि हा माणूस एक आहेत का?"

"नाहीत. पण कंस तोच आहे. आज तू याच्यासाठी काढायला लावशील, उद्या तुझा ठाणेदार निरंजनसाठी काढून घेईल. मग त्याले कोणत्या तोंडानं म्हणशील, शब्द दाखवा?"

"मग काय करू मी?" अनुश्री किंचाळली. कोट काढून तिने खुर्चीवर फेकला. "सांग ना! खरं दिलं तर आपला पोट्टा आत जाते आणि तो बाहेर राहते. खोटं दिलं तर मी त्याच्यासारखी. काहीच नाही दिलं तर पुढच्या महिन्यात दुसरा पारा. कोणता कायदा करू? प्रश्नचिन्हावर बंदी आणू?"

"मले नाही माहीत. मी लिहिलं आहे ते वाचीन. जसंच्या तसं. नाही तर नाही वाचणार."

•

तेव्हा अनिमेषने खिशातून मोबाइल काढला.

का काढला, हे त्याला नंतरही नीट सांगता आलं नाही. कदाचित आजीने 'दार लावलं' म्हटलं म्हणून. कदाचित आई अजूनही त्याच्याकडे बघत नव्हती म्हणून.

"लिस्ट आई थी," तो म्हणाला. "एक दिन पहले. उनके दफ्तर के लड़के ने भेजी थी. सात जवाब, नंबर डालके. लिखा है, पहली आवाज तुम देना, बाकी पब्लिक उठा लेगी."

अनुश्रीने मोबाइल हातात घेतला. वाचलं. पुन्हा वाचलं.

"हे पुसलं काहून नाही तू?"

"पता नहीं."

"याच्यात तालाब पार लिहिलेलं आहे."

"हां. मैंने अपने मन से कुछ नहीं बोला. एक भी शब्द." हे सांगताना त्याला रडू फुटलं, आणि त्याला स्वतःचा इतका संताप आला की त्याने केळीची पानं खाली फेकली. "आत्या, मैं ये दे देता हूं. बयान भी दे दूंगा. बस एक बात बता. वो अंदर जाएगा?"

सगळे अनुश्रीकडे बघायला लागले. यशवंतरावांनीही मान तिकडे केली.

तिला खोटं बोलता आलं असतं. आत्ताच तिने त्याची तयारी दाखवली होती.

"माहीत नाही," ती म्हणाली. "द्वेषाच्या कलमाले सरकारची मंजुरी लागते. मंजुरी येईस्तोवर कोर्ट हात लावत नाही. वर्ष जाईल, तीन जातील. तो म्हणेल, दफ्तरातला पोट्टा कोण, मी ओळखत नाही. तुझं तसं नाही. जाळपोळीत सामील, याले मंजुरी लागत नाही. ते उद्यापासूनच चालते."

"मतलब मैं जाऊंगा."

"तू जाशील. ते नक्की. तो जाईलच असं मी नाही सांगू शकत."

"ऐकलं?" निरंजन उठला. जिन्याच्या दारात जाऊन उभा राहिला, दोन्ही हात चौकटीला लावून. "ऐकलं सगळ्यांनी? माझ्या पोट्ट्याले खाऊन तो माणूस दुसऱ्या मंचावर सवाल विचारेल. आणि आपण इथं बसून म्हणू, आपण खरं बोललो! हे घर सोडून कोणी कुठं जात नाही. मोबाइल दे इकडं, अनुश्री."

तो म्हणत होता त्यात खोटं काही नव्हतं. अनुश्रीने मोबाइल दिला नाही.

क्षमा आत गेली. नळाचा आवाज आला. हात धुवून, पदराला पुसत बाहेर आली.

"तरीही ठाण्यात जायचं," ती म्हणाली.

"क्यों?" अनिमेष म्हणाला. "मम्मी, फायदा क्या?"

"सहा दिवसांपूर्वी मी दवाखान्यात गेली होती. रफीकुलले पाहायले. रोशनआराचा बाप तो. पुस्तकं जळली होती पोट्टीची, नवीन द्यायची होती." ती मुलाशी बोलत होती, पण शब्द एकेक करून सगळ्यांसमोर ठेवत होती. "त्याच्या दोन्ही हातांले कापूस बांधला होता. पोलीस कागद घेऊन उभा. विचारून राहिला, किसी को पहचाना? रफीकुलनं मले पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, नहीं साहब, किसी को नहीं पहचाना."

निरंजनचे हात चौकटीवरच होते.

"पोलीस गेल्यावर मले जवळ बोलावलं. म्हणे, मैडम, आपका लड़का गली के मुंह पर खड़ा था. मैंने नहीं बताया. अब आप मेरी बेटी को स्कूल से मत निकालना."

अनिमेषने वाकून फेकलेली पानं गोळा करायला घेतली.

"त्याले वाटलं, सौदा आहे," क्षमा म्हणाली. "त्याले वाटलं मी त्यासाठीच आली! पुस्तकं घेऊन! आणि मी काय केलं? मी मान हलवली. नाही काढणार म्हटलं. म्हणजे सौदा केलाच ना मी? सहा दिवस मी त्या सौद्यावर घर चालवून राहिली. रोज पटावर त्या पोट्टीची गैरहजेरी लिहून राहिली आणि घरी येऊन याले गरम पोळी वाढून राहिली. तो पाहुणा आत जाईल नाही जाईल, तो सरकारचा प्रश्न असेल. रफीकुलनं गिळलेलं नाव माझ्या घरातलं आहे. ते मी त्याच्या घशात नाही राहू देणार."

"क्षमा, तुले समजून राहिलं का तू काय—"

"अनिमेष, चप्पल घाल. अनुश्रीताई, मोबाइल तुमच्यापाशीच ठेवा आणि चला. अहो, सरका."

निरंजन सरकला नाही.

ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. मग तिने दोन्ही ओल्या हातांनी त्याच्या छातीला धरून त्याला दारातून बाजूला केलं, धक्का देऊन, इतक्या जोरात की त्याचा खांदा भिंतीला लागला. आणि मागे न बघता जिना उतरायला लागली, मुलाच्या पावलांचा आवाज येतो की नाही, ते ऐकत.